पांढरीची नोंद

लातुरात इतिहासाचा क्लास नाही. भौतिकशास्त्राचे आहेत, रसायनशास्त्राचे आहेत, जीवशास्त्राचे तर गल्लोगल्ली. 'लातूर पॅटर्न'चं नाव ऐकून लांबलांबून पोरं येतात, खोली भाड्यानं घेतात, मेसचा डबा लावतात आणि दोन वर्षं पुस्तकातून मान वर काढत नाहीत. त्या धबडग्यात मी उमेदीची सगळी वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. पोट त्यावर भरलं, तक्रार नाही. पण फळ्यावर तोफगोळ्याचा मार्ग काढून दाखवताना माझं मन उदगीरच्या माळावर गेलेलं असायचं. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला त्या मुलखात कोंडीत धरलं, तेव्हा इब्राहिमखान गारद्याच्या तोफा कुठल्या अंगानं लागल्या असतील? हा प्रश्न कुठल्याच परीक्षेत येणारा नव्हता, म्हणून कुणाला विचारायची सोय नव्हती.

ही खोड आजोळची. आजोळ निलंग्याचं. तिथं सेतुमाधवराव पगडींचं नाव घरातल्या माणसासारखं घेतलं जाई, कारण त्यांचा जन्म निलंग्याचा, १९१०चा. निजामी राजवटीत मुलकी अधिकारी म्हणून नोकरी, आणि नोकरी करता करता फारसी कागद वाचायचं वेड. गोंडांच्या मुलखात काम पडलं, तर हा माणूस गोंडी शिकला आणि तिचं व्याकरणच लिहून बसला. पुढं महाराष्ट्राच्या गॅझेटियरचं संपादन त्यांच्याकडं आलं, शिवकाळावरची पुस्तकं आली. आजोबा म्हणायचे, फायलीवर सह्या करून उरलेल्या वेळात काय करावं ते पगडींकडनं शिकावं. क्लास सोडल्यावर माझ्याकडं उरलेला वेळच वेळ होता. फारसी शिकायला लागणारी चिकाटी मात्र नव्हती. पाय धड होते. तेव्हा ठरवलं, कागद पगडींसारख्यांनी वाचावेत, आपण माती बघावी. आणि माती बघायची म्हटलं की लातूरकराला पहिली वाट तेरची.

तेर आता धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. १९८२च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा वेगळा निघाला. त्याआधी आम्ही सगळे उस्मानाबादकरच, त्यामुळं तेरला जाताना परमुलखात गेल्यासारखं वाटत नाही. बार्शी रस्त्यानं मुरूड, मग ढोकी, तिथनं आत वळलं की तेर. मृगाचे चांगले पाऊस पडून गेल्यावर मी निघालो, मुद्दाम. एसटीत शेजारी सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी मांडीवर घेऊन एक शेतकरी बसले होते.

"सर, कुठं निघालाव?"

"तेरला."

"गोरोबाकाकाच्या दर्शनाला?"

"काकांचं दर्शन घेणारच. पण पांढरीवर जायचंय जरा."

त्यांनी मला चष्म्यापासून चपलेपर्यंत बघून घेतलं. "पांढरीवर काय पेरलालाव आता?"

सगळी बस हसली, मीही हसलो. त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडं काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावाची जागा. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका ठिकाणी राहिली की चुलीची राख, शेणमाती, पडक्या भिंती, फुटकी मडकी, सगळं तिथंच साचत जातं. जमीन पांढरट होते, उंचावते. गाव उठून गेलं तरी टेकाड मागं राहतं. त्यात पीक येत नाही असं नाही, पण शहाणा शेतकरी काळी सोडून तिकडं जात नाही.

ढोकीच्या साखर कारखान्याची चिमणी मागं पडली, आणि तेरणेच्या काठानं तेर आलं. पहिल्यांदा येणाऱ्याला इथं काही दिसत नाही हे आधीच सांगून ठेवतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या गावासारखं गाव आहे: पानटपरी, खताची दुकानं, मोबाइलचं रिचार्ज. फक्त मध्येच रस्ता चढायला लागतो, आणि दोन घरांच्या फटीतून दहा-पंधरा फूट उंच मातीची उभी कड दिसते. तिच्यात थर असतात. राखाडी, पिवळट, मध्ये खापरांची एक ओळ, परत राखाडी. त्या कडेला टेकून कुणीतरी मोटारसायकल लावलेली असते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यांपर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते; लिहिणाऱ्याचं नाव राहिलं नाही. दख्खनच्या आतल्या बाजारपेठांत तो दोन गावं ठळकपणे सांगतो. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. पैठणहून अकीकासारखे दगड जातात. तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, पार भडोचपर्यंत. राजा कोण, देव कुठला, याचं त्याला काही पडलेलं नाही. माल काय, वाट कशी, दिवस किती. आमच्या गंजगोलाईतल्या आडत्यानं लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं.

हे तगर म्हणजे कुठलं गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बरीच शाई खर्ची पडली. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर. रामकृष्ण भांडारकरांचा कल धारूरकडं होता. तेर कुणाच्या ध्यानात येत नव्हतं, कारण ते पैठणच्या नीट पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. १९०१ साली जे. एफ. फ्लीटनं तेरवर बोट ठेवलं. पाठोपाठ पुरातत्त्व खात्याचा हेन्री कझिन्स येऊन इथली विटांची देवळं बघून गेला, आणि खात्याच्या १९०२-०३च्या अहवालात त्यानं सविस्तर लिहिलं. मी नकाशावर पट्टी ठेवून मोजलं: पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटर भरतं. दिवसाला पंधरा, म्हणजे भरल्या बैलगाडीची चाल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा हिशोब असा जुळला की भौतिकशास्त्राच्या मास्तरला जो आनंद होतो, तो घरच्यांना समजावून सांगता येत नाही.

पावसाळ्यातच का आलो, ते टेकाडावर चढल्यावर कळतं. सरींनी कडा धुपतात, ओघळ पडतात, आणि ओघळांच्या तळाशी गाळासारख्या वस्तू येऊन बसतात. खापरं तर पावलापावलाला. काळी-तांबडी, चकचकीत, घासून गुळगुळीत केलेली. त्या दिवशी मला शंखाच्या बांगडीचा बोटभर तुकडा दिसला, वर बारीक नक्षी कोरलेली. समुद्र इथून किती लांब! मी फोटो काढला, शेजारी पट्टी ठेवून मोजमाप घेतलं, कुठल्या ओघळात, कुठल्या दिशेला, ते वहीत लिहिलं आणि तुकडा होता तिथं राहू दिला. खिशात घालायचा मोह होतोच. पण जमिनीत सापडलेल्या ठेव्याचा कायदा १८७८पासूनचा आहे, पुराणवस्तूंचा १९७२चा, आणि कायद्याहून मोठं कारण माझ्याकडं दुसरं होतं. ते समजायला आधी लामतुरे समजून घ्यायला हवेत.

रामलिंगप्पा लामतुरे तेरचेच. सरकारी पुरातत्त्वज्ञ नव्हेत, गावचे रहिवासी. वर्षानुवर्षं त्यांनी या पांढरीतून निघणाऱ्या वस्तू जमवल्या. त्या काळी पांढरी म्हणजे फुकटची खाण होती. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांवर लाकडी सरांवर जाड मातीचा थर घालायचा, आणि त्याला पांढरीची मातीच लागायची. ती पाणी धरत नाही. तेव्हा गाढवं भरभरून टेकाडं उपसली जात. सातवाहनांच्या काळातल्या बाईचा मण्यांचा हार कुणाच्या तरी छपरावर चढून पाऊस झेलत बसे. त्या उपशाच्या आणि छपराच्या मध्ये लामतुरे उभे राहिले, एवढंच त्यांनी केलं, आणि ते पुरेसं होतं. १९६०मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेटनी तेरवर पुस्तिका लिहिली. त्याच साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या मोतीचंद्रांनी तेरच्या हस्तिदंती मूर्तीवर लेख लिहिला. आज तेरचं सरकारी संग्रहालय रामलिंगप्पांच्या नावानं आहे.

संग्रहालयात मी नेहमी आधी मातीच्या बायका बघतो. पांढऱ्या चिकणमातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या, आतून पोकळ. हातभर दागिने, डोक्यावर केसांची अशी काही मांडणी की एका मूर्तीसारखी दुसरीची नाही. शिक्षक म्हणून आयुष्यभर मुलांची तोंडं बघत आल्यामुळं असेल, मला त्यांच्यात स्वभाव दिसतात. एक जरा आढ्यताखोर आहे. एकीला हसू आवरत नाही. पलीकडं मण्यांचे ढीग, शंखाचे तुकडे, दिवे. आणि रोमन नाण्यांच्या मातीतल्या नकला. दोऱ्यात ओवून गळ्यात घालायला वर कडी केलेली. खरं सोन्याचं नाणं ज्याच्या नशिबी नाही त्यानं मातीचं मिरवावं, असा मी आपला अर्थ लावला. गंठणाची घडण एका ग्रॅममध्ये विकणाऱ्या आपल्या सराफांना हे गिऱ्हाईक ओळखीचं वाटेल. उत्तरेश्वर मंदिराची लाकडी द्वारशाखाही इथंच आणून ठेवली आहे. लाकूड इतकी शतकं टिकलं हेच नवल, त्यावरचं कोरीव काम हे वरचं दान.

पण तेरचं नाव जगात गेलं ते हस्तिदंती स्त्रीमूर्तीमुळं. इटलीत व्हिसुव्हियसच्या राखेखाली इसवी सन ७९मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली एक हस्तिदंती भारतीय मूर्ती निघाली. बराच काळ तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. ती भारतात कुठं घडली असेल, या चर्चेत तेर आणि भोकरदन ही दोन मराठवाड्यातली नावं हटकून येतात, कारण तिच्या घडणीची भावंडं या दोन ठिकाणी सापडली. मलमलीच्या गाड्यांबरोबर एखादी अशी बाईही भडोचच्या बंदराला गेली असेल. गेलीच असेल असं म्हणायला पुरावा नाही. म्हणायला मजा येते, हे मात्र कबूल.

आता तुकडा खिशात न घालण्याचं ते कारण. प्रयोगवहीत एखाद्या विद्यार्थ्यानं वाचनं अचूक लिहिली, पण ती कुठल्या स्थितीत घेतली ते लिहिलं नाही, तर मी गुण देत नसे. लामतुऱ्यांच्या संग्रहापुढं उभं राहिलं की मला तीच अडचण येते. मणी सुंदर, पण कुठल्या थरातला? त्याच्या खाली काय होतं, वर काय होतं, शेजारी नाणं कुणाचं पडलं होतं? वरवर वेचलेल्या वस्तूला हे प्रश्न विचारता येत नाहीत. म्हणून १९५७-५८पासून इथं पुन्हापुन्हा शास्त्रशुद्ध उत्खननं करावी लागली. पुरातत्त्वज्ञ चापेकरांचा १९६९चा अहवाल त्यांपैकीच एका उत्खननाचा. थर मोजत, खंदक आखत, खापरांची वर्गवारी करत. तरीही रामलिंगप्पांना मी नापास करू शकत नाही. त्यांनी वेचलं नसतं तर थरही गेला असता आणि मणीही. खंदक आखणारे यायच्या आधी माळवदं पुरी झाली असती. त्यांच्या काळात वेचणं हेच काम होतं. माझ्या काळात ते उरलेलं नाही. आता टेकाडं उपसत नाहीत, घरं सिमेंटची झाली. आता टेकाडावर बांधकाम होतं, पाया खोदला जातो, दोन दिवसांत काँक्रीट पडतं. त्या दोन दिवसांत कुणीतरी तिथं जाऊन कडेचा फोटो काढावा, तारीख आणि जागा लिहावी, एवढंच हौशी माणसाच्या हातात आहे. आणि ते तिथं राहणाराच करू शकतो; विद्यापीठाला कळेपर्यंत वर शटर लागलेलं असतं.

त्रिविक्रमाच्या देवळात गेलो तेव्हा आरती संपली होती. हे देऊळ बाहेरून बघावं. पुढचा मंडप नंतरचा, तो सोडून मागं यावं. मागचा भाग अर्धगोल, विटांचा, वर हत्तीच्या पाठीसारखं छप्पर. कझिन्सनं बघताक्षणी ओळखलं की हे मुळात बौद्ध चैत्यगृह. लेण्यांमध्ये डोंगरात कोरलेलं आपण जे बघतो, ते इथं विटांनी उभं केलेलं आहे, आणि अजून उभं आहे. अशी इमारत भारतात दुसरी सांगायची तर आंध्रातल्या चेझर्ल्यापर्यंत जावं लागतं. आत आता वामनावताराचा विष्णू आहे, एक पाय वर उचललेला. गावातल्या बायका त्याला नवस बोलतात. देवळाला बदललेल्या मालकाचं काही वाटत असेल असं दिसत नाही.

नदीकाठी गोरोबाकाकांचं मंदिर. चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नादात स्वतःचं मूल पायाखाली गेलं तरी ज्याला कळलं नाही तो, आणि थापटण्यानं संतांची डोकी बडवून कच्चं मडकं कुठलं ते सांगणारा तोच. शके १२३९च्या चैत्रात त्यांनी समाधी घेतली असं सांगतात. ज्या गावच्या मातीत हजार वर्षं आधीपासून साच्यातल्या बाहुल्या निघत होत्या, त्या गावात संतही कुंभारच व्हावा, हा योगायोग कुणी फारसा बोलून दाखवत नाही. मी पुजाऱ्यांना म्हटलं. ते म्हणाले, "माती चांगली हाय इथली." विषय संपला.

परतीच्या एसटीत मला नेहमी एक गोष्ट आठवते. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत. मान्यखेटाहून अर्ध्या भारतावर हुकूम चालवणारे राष्ट्रकूट 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणजे, बहुतेक विद्वानांच्या मते, आमच्या लातूरचे. ज्या गावी राज्य करत नव्हते त्या गावाचं नाव शतकानुशतकं बिरुदात वागवलं. पुण्यात फ्लॅट घेऊन तिथंच म्हातारा झालेला माणूसही 'आम्ही मूळचे औशाचे' म्हणतो, त्यातलीच ही गोष्ट. तेर ते लातूर तास-दीड तासाचं अंतर, आणि दोन राजघराण्यांचं माहेर या एवढ्याशा पट्टीत.

वाट एकदा लागली की पाय आपोआप फिरतात. निलंग्याच्या नीळकंठेश्वराकडं लहानपणी मी फक्त प्रसादासाठी जायचो. आता तिन्ही गर्भगृहांचं माप घेतो. खरोशाची लेणी मला तितकीशी भावली नाहीत, खरं सांगायचं तर. नरसिंह आहे, कार्तिकेय आहे, शिवपार्वती आहेत, सहाव्या शतकाच्या आसपासची चांगली कामं आहेत, बर्जेसनंही १८७८च्या अहवालात त्यांची दखल घेतली; पण दगड ठिसूळ, चेहरे झिजून गेलेले, आणि उरलेल्या जागी प्रेमिकांची नावं. औसा-लामजना करत मी तिथं गेलो, दुपारी लवकरच बाहेर पडलो, आणि जवळच आहे म्हणून किल्लारीला वळलो. त्या वळण्यानं पुढचं सगळं बदललं.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट लातूर भागातल्या कुणाला सांगावी लागत नाही. चार वाजायला चार मिनिटं कमी असताना धरणी हलली. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं थकून झोपली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचा फूट-दोन फूट पांढरीच्या मातीचा थर. तो सगळा खाली आला. हजारो माणसं गेली. उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार म्हणून ज्या छपराचं आम्ही कौतुक करायचो, त्याच मातीनं जीव घेतले. नंतर गावंच्या गावं दुसरीकडं वसवली गेली: सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, ठोकळ्यांसारखी घरं. जुनं गावठाण तिथंच राहिलं.

जुन्या किल्लारीत वेड्या बाभळी माजल्या आहेत. मधूनच एखादा चौथरा, उंबऱ्याचा घडीव दगड, उखळ. पावसानं भिंतींच्या मातीचे ढीग विरघळून उतार झालेत. आणि मला दिसलं ते तेरच. तीच पांढरी, तेच ओघळ, ओघळात खापरं. फक्त त्यांच्यात स्टीलचा एक वाकडा चमचा होता आणि प्लास्टिकच्या बांगडीचा तुकडा. ही पांढरी माझ्या डोळ्यांदेखत झाली होती. हिच्यातलं घर कुणाचं, चूल कुठं, हे सांगायला माणसं अजून जिवंत होती, आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं. तगरबद्दल मी कितीही वाचलं तरी मलमल विणणाऱ्या एका घराचं नाव मला कधी कळणार नाही. इथं कळण्यासारखं होतं.

तेव्हापासून माझं तेरला जाणं कमी झालं. नव्या किल्लारीत जातो. मोठा कागद पसरतो, भूमापनाचा जुना नकाशा मिळाला तेवढा आधार धरतो, आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून जुन्या गावाचा नकाशा भरतो. वेस कुठं, चावडी कुठं, कुठल्या आळीत कुणाची किती घरं. वाटलं होतं काम सोपं आहे. त्या दिवशी पिठाच्या गिरणीवर अडलं.

"गिरणी वेशीच्या भायेर होती," एक काका म्हणाले.

"भायेर कशाची? आत होती, मारुतीच्या बगलंला." दुसऱ्या काकांनी कागदावर बोट आपटलं.

"तुझं गाव ते का माझं?"

आवाज चढला. चहा आला, तरी दोघं थांबेनात. मी दोन्ही जागी पेन्सिलीनं खूण केली. तेवढ्यात उंबऱ्यात बसून शेंगा सोलत असलेल्या पहिल्या काकांच्या मंडळी वर न बघता म्हणाल्या, "सर, ह्यांना काय इचारलालाव? दळण कधी नेलंय का ह्यांनी? माझ्या जावंकडं चला. चक्कीवाल्याच्या शेजारीच घर होतं तिचं."

मी कागद गुंडाळला, वही काखेत मारली आणि त्यांच्या मागं निघालो.